फळ्यावरची केळ्याची साल

मित्रांनो, माझ्यावर तरुणपणी जे लिहिलं गेलं ते सगळं पुसलं गेलं. फक्त एक ओळ राहिली. खरं तर तीही त्याच आठवड्यात ओल्या फडक्याने पुसली होती, पण लोकांच्या मनातून ती गेली नाही. मी फणसाच्या लाकडाचा, एक कोपरा उडालेला जुना फळा आहे. बोलायचं काम जन्मभर खडूने केलं. आज त्या एका ओळीसाठी मी स्वतः तोंड उघडतो आहे.

मला घडवलं गिरीज गावच्या ज्युलियस मिस्त्रींनी. त्यांच्या वाडीतला एक फणस वादळात आडवा झाला, त्याच्या फळ्या जोडून त्यांनी मला उभं केलं आणि करवंट्यांचा कोळसा वाटून तो माझ्या अंगाला फासला. चर्चच्या हॉलमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत, तिथे माझी नेमणूक झाली. प्रार्थना, संतांची नावं, दहा आज्ञा हे सगळं माझ्यावर लिहिलं गेलं. बाई जरा बाहेर गेल्या की कोणाचं कोणावर प्रेम आहे तेही लिहिलं जाई. अशी अठरा वर्षं गेली. मग हॉलमध्ये गुळगुळीत पांढरे फळे आले आणि मला मोडक्या बाकांबरोबर मागच्या खोलीत टाकलं.

तिथून मला बाहेर काढलं रोनाल्डने. बावीस वर्षांचा, खांद्यापर्यंत केस, भर मे महिन्यातही अंगात काळा टीशर्ट. गिरीजला आपल्या घराच्या ओटीवर त्याने कॅसेट लायब्ररी काढली होती, सिनेमाच्या आणि गाण्यांच्या कॅसेट भाड्याने द्यायची. फादरांकडे जाऊन त्याने मला मागून घेतलं, सायकलवर आडवं बांधून आणलं आणि ओटीच्या खांबाला टांगलं. त्या दिवसापासून माझं नशीब पालटलं.

दर शुक्रवारी संध्याकाळी रोनाल्ड मला स्वच्छ पुसायचा आणि मधोमध रेघ ओढायचा. डावीकडे सिनेमा, उजवीकडे हेवी मेटलची दणदणीत गाणी. आठवड्याभरात जे पाहिलं, ऐकलं त्याबद्दल त्याला जे वाटेल ते तो लिहायचा. गुण द्यायचा तेही त्याच्या पद्धतीने. आमच्याकडे घरोघरी केळीची वाडी, म्हणून पिवळ्या खडूने पाचपैकी केळी काढायचा. जे अगदीच टाकाऊ असेल त्याच्यापुढे नुसती केळ्याची साल. वाचता न येणाऱ्यालाही साल कळायची.

त्याची मतं कशी असत ते सांगतो. सिनेमांची आणि बँडची नावं मात्र घेत नाही. नाव घेऊन बोललं की काय होतं ते मी पाहिलं आहे.

एका गाजलेल्या सिनेमाबद्दल त्याने लिहिलं होतं, ‘हिरो पहिल्या अर्ध्या तासात मरतो, पण दुर्दैवाने परत येतो. दोन केळी.’ दुसऱ्याबद्दल, ‘मध्यंतरापर्यंत गोष्टीमुळे रडलो, नंतर लांबीमुळे. तीन केळी, त्यातलं एक आईच्या आग्रहाने.’ नॉर्वेच्या एका बँडच्या अल्बमबद्दल, ‘तोंडाला पांढरं फासून गातात. चौथ्या गाण्यात इतकी थंडी आहे की मी पंखा बंद केला. पाच केळी.’ आणि एका जुन्या, जगभर नावाजलेल्या बँडबद्दल, ‘ह्यांनी केस कापले आणि बायबलातल्या शमशोनासारखी ताकद गेली. दीड केळं.’

लोक वाचायला थांबायचे. भाजी विकून परतणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून वाचायच्या. शेजारच्या वाडीचे जगन्नाथकाका आयुष्यात थिएटरची पायरी चढले नव्हते, पण माझ्याशी रोज भांडायचे. ‘रोनाल्ड, त्या मारामारीला चार केळी? अरे, एवढी स्वस्त झाली का आमची केळी?’ रोनाल्डची आई पॉलिन आतून ओरडायची, ‘ह्याला गाणं म्हणतात? मोटरीत खडा गेल्यावर आमच्या विहिरीवर हेच वाजतं!’ रोनाल्डने पुढच्या शुक्रवारी हे वाक्य तिच्या नावासकट माझ्यावर लिहिलं आणि त्याला पाच केळी दिली. पॉलिन आठवडाभर रागावली होती, पण येणाऱ्याजाणाऱ्याला फळा दाखवत होती.

‘रोनाल्डचा फळा चुकत नाही’ असं लोक म्हणू लागले. मला ते ऐकायला फार आवडायचं. रोनाल्डलाही.

त्याचा जिवाभावाचा मित्र होता प्लासिड, वटार गावचा. वडिलांच्या लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. दोघांना मेटलचं वेड एकाच कॅसेटमुळे लागलेलं. दर शुक्रवारी प्लासिड सायकल मारत यायचा, ओटीच्या पायरीवर बसायचा आणि रोनाल्ड खडू उचलायच्या आधी दोघांची जुंपायची. कोणता ड्रमर खरा, कोणता नुसता आपटतो, ह्यावरून एकदा दोघांचा चहा गार होऊन वर साय धरली होती. माझ्यावरची निम्मी अक्कल प्लासिडची होती, हे फार जणांना ठाऊक नव्हतं.

पुढे प्लासिडने स्वतःचा बँड काढला. चौघे जण. केळी पिकवायच्या खोलीत, दारं लावून, घामाघूम होत ते सराव करायचे. गायला लेस्टर होता. लेस्टर प्लासिडचा शेजारी, वटारलाच भाजी पिकवायचा आणि रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गायचा. अंगाने किरकोळ, बोलायला लाजरा, पण आवाज असा की मिस्सेच्या प्रार्थनेला मागच्या बाकावरचे डुलकी घेणारेही ताठ बसत. गाणी त्यानेच लिहिली, तीही आपल्या घरच्या बोलीत. एक गाणं वाडीतल्या बावखलावर होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं, ज्याच्या पाण्यावर वाडी जगते. लेस्टरच्या घरामागचं बावखल भराव टाकून बुजवलं, इमारत उठली आणि त्याच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. त्याचं ते गाणं.

दोन वर्षं खपून त्यांनी सहा गाण्यांची कॅसेट काढली. तोवर जमाना सीडीचा आला होता. रोनाल्डच्या ओटीवरही सीड्याच लटकत होत्या आणि जुना कॅसेट प्लेअर कपाटावर धूळ खात पडला होता. पण ह्या पोरांना कॅसेटच परवडली.

मे महिन्यातला शुक्रवार होता. प्लासिड पहिली कॅसेट घेऊन आला. लग्नात वाजवायला निघाला होता, म्हणून अंगात बँडचा लाल कोट होता, सोनेरी बटणांचा. कॅसेट रोनाल्डच्या हातात देण्याआधी त्याने ती कोटाच्या बाहीने पुसली.

‘हे बघ, फ्रेंड आहे म्हणून लिहू नको हां,’ तो म्हणाला. ‘सगळ्यांचं लिहितोस तसंच लिही. पुढच्या महिन्यात गावच्या सणाला संध्याकाळच्या प्रोग्राममध्ये आमचं नाव घेतायत. कमिटीवाले तुझा फळा वाचतात.’

‘अरे, तू जा बिनधास्त,’ रोनाल्ड म्हणाला. ‘येशील तेव्हा लिहिलेलं असेल.’

प्लासिड गेला. रोनाल्डने प्लेअर कपाटावरून काढला, फुंकर मारली आणि कॅसेट लावली. गाणं सुरू झालं ते ओढत ओढत. ड्रम जड पडत होते, गिटार लोंबत होती आणि लेस्टरचा आवाज चिखलात बसलेल्या म्हशीसारखा येत होता. मेटलमध्ये मुद्दाम संथ, जड वाजवणारे बँड असतात. रोनाल्डला वाटलं, ह्यांनी तसं करायला घेतलं आणि जमलं नाही. तेवढ्यात गिऱ्हाइकं आली. कोणी सीडी परत करत होतं, कोणी नवा सिनेमा मागत होतं. दीड गाणं झालं तशी त्याने कॅसेट बंद केली.

मग तो खडू घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मैत्री मध्ये येऊ द्यायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्या भरात तो कोणाशी नव्हता एवढा कडक आपल्या मित्राशी झाला. त्याने लिहिलं:

‘वटारचा नवा बँड. ड्रम दमलेले, गिटार भिजलेली. गायकाला आधी कोणीतरी झोपेतून उठवा.’

आणि पुढे पिवळ्या खडूने साल काढली, चांगली ठसठशीत.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही ती ओळ आवडली होती. लोक हसले. एकाने दुसऱ्याला बोलावून दाखवली. मी माझ्या खांबावर फुशारून लटकत होतो.

संध्याकाळी प्लासिड आला, लाल कोटाची बटणं काढलेला, लग्नातून थेट. सायकलवरून उतरलाही नाही. एक पाय जमिनीला टेकवून त्याने वाचलं.

‘पूर्ण ऐकलीस?’ त्याने विचारलं.

‘ऐकली ना,’ रोनाल्ड म्हणाला.

‘मग ठीक आहे.’

तो सायकल वळवून गेला. रोनाल्डने मागून हाक मारली, पण ती मारायची म्हणून मारल्यासारखी.

सणाच्या कार्यक्रमातून त्यांचं नाव गेलं. कमिटीतलं कोणी तरी म्हणालं, ‘रोनाल्डनेच साल दिलीय, मग काय उरलं?’ लग्नाच्या वरातीत पोरं प्लासिडला बघून सालीवरून घसरल्याचं सोंग करायची. गिटारवाले दोघे नोकरीला लागले. केळी पिकवायची खोली पुन्हा केळ्यांना मिळाली. लेस्टरने कॉयरमध्ये जाणं सोडलं. घसा धरतो म्हणाला. प्लासिड शुक्रवारी यायचा थांबला आणि पायरी रिकामी राहू लागली. रोनाल्ड म्हणायचा, ‘येईल. राग उतरला की येईल.’

ऑक्टोबर आला. रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. पॉलिनला तिच्या जुन्या भक्तिगीतांची कॅसेट ऐकायची होती. रोनाल्डने तोच प्लेअर लावला. दोन ओळी झाल्या आणि पॉलिनने माळ खाली ठेवली.

‘ही बाई आजारी आहे का रे? ही तर केवढी गोड गायची. हिचा बाप्या कसा झाला?’

रोनाल्डने कॅसेट थांबवली. त्याने प्लेअर उघडला. आतला रबरी पट्टा, ज्याच्यावर कॅसेट फिरते, तो सैल पडला होता. खाऱ्या हवेत दोन वर्षं नुसता पडून त्याचा जीव गेला होता. कॅसेट जेवढ्या वेगाने फिरायला हवी तेवढ्या वेगाने फिरतच नव्हती. सीडी आल्यापासून त्याच्यावर एकच नवी कॅसेट वाजली होती, प्लासिडची.

दुसऱ्या दिवशी तो तुळिंजच्या बाजारात जाऊन नवा पट्टा घेऊन आला. दुपारी ओटीवर कोणी नव्हतं. त्याने प्लासिडची कॅसेट लावली आणि ह्या वेळी सहाही गाणी ऐकली, दोन्ही बाजू. मी समोरच होतो. काय सांगू तुम्हाला? ड्रम असे धावत होते की ओटीवरच्या सीड्या खुळखुळत होत्या. आणि बावखलाच्या गाण्यात लेस्टर जेव्हा वर चढला, तेव्हा आतून पॉलिन हात पुसत बाहेर आली. ‘मोटरीत खडा’ वगैरे काही म्हणाली नाही. ‘हा आपल्या वटारचा लेस्टर ना?’ एवढंच विचारून ती उंबऱ्यात उभी राहिली. रोनाल्ड तोंड ओंजळीत धरून रडत होता.

कॅसेट संपली. त्याने खडू उचलला आणि लिहायला घेतलं, ‘प्लासिड आणि लेस्टरच्या अल्बमबद्दल माझी चूक झाली. माझा प्लेअर’

एवढ्यात रस्त्यावर जगन्नाथकाकांची चाहूल लागली. बरोबर आणखी दोघे होते. रोनाल्डने पटकन बाहीने पुसून टाकलं. मी अंगभर पांढरा झालो.

का पुसलं? मला कारण माहीत आहे, कारण मीही त्या कारणात होतो. रोनाल्डचा फळा चुकत नाही, हे आम्हा दोघांना सांभाळायचं होतं. एक साल चुकली असं कळलं की लोक आधीच्या सगळ्या साली काढून विचारतील. शिवाय ‘पूर्ण ऐकली’ म्हणून तो मित्राच्या तोंडावर खोटं बोलला होता, तेही उघड झालं असतं. तो स्वतःशी म्हणाला, पुढच्या शुक्रवारी नीट लिहू. पुढच्या शुक्रवारी मोठा सिनेमा लागला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाहुणे आले. मग नाताळ आला. असं करत करत चूक जुनी झाली, आणि जुनी चूक उकरायला माणसाला आणखीच लाज वाटते.

काही वर्षांनी लोक फोनवर सिनेमे बघू लागले. लायब्ररी बंद झाली, रोनाल्ड एका ऑफिसात चिकटला, केस कापले. मला वाडीत मोटरच्या खोलीत नेऊन खिडकीला आडवं लावलं. पावसाचं पाणी अडवायला मी बरा होतो. माझा कोळसा धुपला, कोपऱ्याला वाळवी लागली, एक कोंबडी माझ्या आडोशाला अंडी घालायची. दुर्लक्षाची तक्रार करायला मला तोंड नव्हतं. रोनाल्ड आणि प्लासिड लग्नात, मिस्सेला भेटायचे, बोलायचेही. पाऊस, केळ्यांचा भाव, गुडघेदुखी. गाण्याचं नाव दोघेही काढत नसत. हे सगळं मोटर चालू करायला आलेल्या पॉलिनच्या बडबडीतून मला कळायचं.

मग मागच्या महिन्यात लेस्टर गेला. काही दिवस ताप होता, एवढंच.

अंत्यविधी आटोपून रोनाल्ड थेट वाडीत आला. त्याची आई मोटरपाशी पाण्याची वाट बघत बसली होती. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

‘कॉयर गात होता,’ तो तिला म्हणाला. ‘शेजारी कोणी तरी म्हणालं, पूर्वी लेस्टर पण गायचा, का सोडलं कोण जाणे. आई, मला माहीत आहे का सोडलं.’

पॉलिन म्हणाली, ‘मलाही माहीत आहे. कॅसेट मीपण ऐकली होती ना त्या दिवशी. वीस वर्षं वाट बघतेय, तू कधी बोलतोस त्याची.’ मग तिने हाताने खिडकीकडे दाखवलं. ‘फळा काय माझ्यासाठी ठेवलायस?’

त्याने मला खाली उतरवलं, घासून धुतलं, काळा रंग दिला. दोन दिवस उन्हात वाळवलं. मग बसून लिहिलं. तीनदा पुसलं, चौथ्यांदा ठेवलं. काहीही मजेदार लिहिलं नाही. प्लेअरचा पट्टा सैल होता. दीडच गाणं ऐकलं होतं. पूर्ण ऐकलं हे खोटं सांगितलं. पाच महिन्यांनी पूर्ण ऐकलं आणि तरी गप्प बसलो. असा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. आणि शेवटी पाच केळी.

टेम्पोत घालून तो मला वटारला घेऊन गेला, प्लासिडच्या दारात. प्लासिडचे केस पांढरे झाले आहेत. चष्मा शोधून आणला आणि उभ्या उभ्या वाचलं.

‘पट्ट्याचं आम्हाला माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘कसं?’ रोनाल्डने विचारलं.

‘त्या शुक्रवारी लेस्टर तुझ्या रस्त्यावरून येत होता, गिरीजला भाजी देऊन. त्याने बाहेरून ऐकलं ना. मला म्हणाला, अरे, त्याचं मशीन स्लो चाललंय, आपलं गाणं तसं नाही. मी म्हटलं, चल, सांगू त्याला. तर नको म्हणाला. म्हणाला, रोनाल्डला कान आहेत. तो परत ऐकेल आणि तोच लिहील. आपण सांगून लिहिलं तर त्याला काय अर्थ?’

‘मग?’

‘मग काय. दर शुक्रवारी भाजी घेऊन गिरीजला जायचा. येताना तुझा फळा बघून यायचा. तुझी लायब्ररी बंद होईपर्यंत.’

मित्रांनो, मला आठवत नाही. इतके चेहरे माझ्यासमोर थांबले, त्यात एक किरकोळ माणूस, सायकलला रिकामी टोपली. तो मला वाचत होता आणि मी हसऱ्या मतांनी भरलेला होतो.

‘मी ऐकलं होतं रे,’ रोनाल्ड म्हणाला. ‘ऑक्टोबरमध्येच.’

‘वाचलं आत्ता,’ प्लासिड म्हणाला. चष्मा काढून त्याने पुसला. ‘माझं जाऊ दे. हे रिटाला दाखवायला हवं.’

रिटा म्हणजे लेस्टरची बायको. दोन घरं सोडून राहते. एका बाजूने रोनाल्डने आणि दुसऱ्या बाजूने प्लासिडने मला धरलं. चालताना दोघांचं पाऊल जुळत नव्हतं, मध्येच थांबून हात बदलावे लागत होते.

रिटाने मला ओटीवर भिंतीला टेकवायला सांगितलं. काळ्या साडीत होती. खाली बसून तिने एकेक ओळ वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. रोनाल्ड हात बांधून उभा होता. ती रडेल, ओरडेल, निघ म्हणेल, कशालाही तो तयार होता.

‘सगळं बरोबर लिहिलंयस,’ ती म्हणाली. ‘फक्त खाली तारीख घाल.’

‘कुठली?’ त्याने विचारलं.

‘आजची.’

रोनाल्डने खिशातून खडू काढला. दिवस, महिना आणि मग वीस वर्षं उशिराचं ते चार आकड्यांचं साल त्याने एकेक आकडा गिरवून लिहिलं.

तेव्हापासून मी रिटाच्या ओटीवर आहे. येणारे जाणारे वाचतात, आणि मी बघतो, सगळ्यांची नजर शेवटी तारखेवर जाऊन थांबते.

मला सांगायचं होतं की जुन्या वस्तूंना ओलसर जागी टाकू नका, अधूनमधून रंगाचा हात द्या, वाळवी बघा. तेही कराच. पण मित्रांनो, त्याहून मोठी विनंती ही आहे. चूक कळली की त्याच शुक्रवारी लिहा. कोण रिकामी टोपली घेऊन वाचायला येतंय, ते लिहिणाऱ्याला दिसत नसतं.